त्रिकोणी स्वाती

सुश्रुत आगाशेला खोटं बोलता येत नाही, हे त्याच्या घरच्यांना, ऑफिसातल्यांना आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही ठाऊक होतं. बायकोने, शरयूने, केलेली आमटी खारट झाली तर ‘छान झालीय’ एवढं म्हणतानासुद्धा त्याचे कान लाल व्हायचे. असा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी एकदाच धडधडीत खोटं बोलला, आणि नेमकं तेच खपलं. नशीब कधीकधी असं खवचट वागतं.

नोव्हेंबर संपत आला होता. ग्वाल्हेरच्या हौशी खगोल मंडळाची बैठक दर्पण कॉलनीत अध्यक्ष दौलतसिंहांच्या बैठकीच्या खोलीत भरली होती. मंडळ म्हणजे नऊ माणसं, दोन दुर्बिणी आणि एक सतत हरवणारी विजेरी. हिवाळ्यात फूलबागेच्या मैदानावर लोकांना आकाश दाखवायचे चार शनिवार ठरवायचे होते. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. आकाशवेड्यांना चंद्र डोळ्यांसमोर नको असतो, कारण त्याच्या उजेडात बाकीचं सगळं पुसून जातं. लोकांना मात्र चंद्रच हवा असतो. चंद्र नसेल तर लोक म्हणतात, एवढ्या थंडीत बोलावलं कशाला?

“सात डिसेंबर,” सुश्रुत म्हणाला. तो मंडळाचा सचिव होता, पंचांग आणि वही दोन्ही त्याच्यापुढे उघडी होती. “षष्ठीचा चंद्र आहे. शुक्र, शनी, गुरू, तिघंही संध्याकाळी वर आहेत. साडेसहापासून नऊपर्यंत.”

“परफेक्ट,” नीलम म्हणाली. ती मंडळातली सगळ्यात लहान, दंतवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. “मी पोस्टर बनवते. इन्स्टावर डाल देंगे.”

दौलतसिंहांनी घसा साफ केला. निवृत्त मुख्याध्यापक घसा साफ करू लागले की समजावं, आता सत्कार येणार. “त्या दिवशी आपण जयसिंहरावांना शाल-श्रीफळ देऊ. मंडळाची मोठी दुर्बीण त्यांच्या हातची. बेचाऱ्यांचे डोळे गेले, आता ते येत नाहीत, पण आपण विसरलो नाही, हे त्यांना मालूम व्हायला पाहिजे. एक मानपत्र वाचू. सुश्रुत, ते तू लिही. तू त्यांचा पट्टशिष्य.”

“कितना सॅड है ना,” नीलम म्हणाली. “एवढे चांगले डोळे होते काकांचे.”

“लिही की, त्यांची नजर अधू झाली, पण त्यांनी शहराला नजर दिली. असं काहीतरी,” दौलतसिंह स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन म्हणाले.

सुश्रुतने मान खाली घालून वहीत ‘मानपत्र’ असं लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. जयसिंहराव भोईट्यांचे डोळे गेलेले नाहीत, हे त्या खोलीत त्याच्या एकट्याला माहीत होतं. गेल्या मे महिन्यापासून माहीत होतं.

जयसिंहराव म्हणजे गिरणीतले फिटर. गिरणी बंद पडून किती वर्षं लोटली, पण त्यांचे हात बंद पडले नाहीत. शाहऐंशी साली हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून त्यांनी जाड काचेची आठ इंची तबकडी मिळवली आणि एका लोखंडी पिंपावर ठेवून अकरा महिने घासली. रोज ड्यूटीवरून आल्यावर पिंपाभोवती फेऱ्या मारत घासायची. सुनंदाकाकू म्हणायच्या, लग्नात सप्तपदी झाली तेवढीच माझ्याबरोबर, बाकी सगळ्या प्रदक्षिणा त्या पिंपाला. त्या काचेचा आरसा झाला, आरशाची दुर्बीण झाली, आणि हॅले आला तेव्हा ग्वाल्हेरचा अर्धा लष्कर भाग त्यांच्या गच्चीवर होता. सुश्रुत तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसून आला होता. पुढे तोही त्यांच्याकडूनच काच घासायला शिकला, शिव्या खात खात.

त्या आरशाचा एकच नियम होता. जयसिंहरावांखेरीज कुणी तो उघडायचा नाही. आरसा दुर्बिणीच्या तळाशी तीन छोट्या चिमट्यांनी धरलेला असे. त्या चिमट्या कशा बसवायच्या, हे ते प्रत्येक नव्या सभासदाला एकदा तरी ऐकवत. “आरसा बसलेला पाहिजे, आवळलेला नको. चिमटीखालून पोस्टकार्ड सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर काच दबते, आणि मग तारा गोल नाही दिसत, त्रिकोणी दिसतो.” त्यासाठी एक जुनं पिवळं पोस्टकार्ड दुर्बिणीच्या पेटीत कायम असे.

मे महिन्यात फूलबागेवर कार्यक्रम होता. आदल्या संध्याकाळी आंधी आली आणि दुर्बिणीत धूळ गेली. जयसिंहराव कुठल्याशा लग्नाला मुरैन्याला गेले होते. सुश्रुतने आरसा काढला, धुतला, निथळत ठेवला. ते सगळं शिकवल्याबरहुकूम केलं. बसवताना मात्र त्याला आठवलं की मागच्या खेपेला टेम्पोत आरसा खडखडला होता. सचिव म्हणून ती काळजी त्याचीच होती. म्हणून त्याने पेचकस घेतला आणि चिमट्यांचे तिन्ही पेच दाबून अर्धा-अर्धा फेरा जास्त फिरवले. पोस्टकार्ड पेटीतच राहिलं. तारा बघून खात्री करावी तर आकाश धुळीने भरलेलं. उद्या काकांना सांगू, असं म्हणून तो झोपला.

दुसऱ्या दिवशी सांगायला वेळ मिळाला नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता. खरं तर वेळ भरपूर होता, धीर नव्हता.

मैदानावर दीडशे माणसं रांगेत होती. पाहुणे आले होते, फोटोवाला आला होता. जयसिंहराव आपल्या स्टुलावर बसले आणि नेहमीप्रमाणे लोकांना चंद्र दाखवण्याआधी त्यांनी दुर्बीण स्वातीवर धरली. मेमध्ये संध्याकाळी स्वाती छान वर असते. ती गोल दिसली की दुर्बीण ठीक, ही त्यांची रीत. त्यांनी डोळा लावला, काढला, चष्म्याच्या फडक्याने आयपीस पुसला, पुन्हा लावला.

“सुश्रुत, स्वाती त्रिकोणी दिसून राहिली. चिमट्या कुणी आवळल्यात का?”

हाच तो क्षण. एक ‘हो’ म्हटलं असतं तर जयसिंहरावांनी पाहुण्यांसमोर, फोटोवाल्यासमोर, दीडशे माणसांसमोर त्याला फाडून खाल्लं असतं, दहा मिनिटांत पेच सैल केले असते आणि गोष्ट संपली असती. पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप त्या शिव्यांना भ्याला.

“नाही काका. आरसा कुणी उघडलाच नाही.”

“मग बघ बरं तू.”

त्याने बघितलं. स्वाती चक्क तीनकोनी होती, शाळेतल्या कंपासपेटीतल्या गुण्यासारखी.

“मला तर गोल दिसतेय,” तो म्हणाला. त्याचे कान तापले होते, पण अंधारात कान कुणाला दिसतात?

जयसिंहरावांनी उजवा डोळा चोळला. जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, साखरही होती. त्यांनी डावा डोळा लावून पाहिलं. तोही तेच सांगत होता. मग ते स्टुलावरून उठले.

“म्हणजे ही आपलीच चिमटी आवळली,” डोळ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. “बस तू इथे. लोकांना थांबवू नको.”

सुश्रुत त्या स्टुलावर बसला आणि त्याने दीडशे माणसांना चंद्र दाखवला. लोक खूश झाले. थोडा बोथट चंद्र त्यांच्या काय लक्षात येणार.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्याने पेच सैल केले, पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. संध्याकाळी स्वाती ठणठणीत गोल होती. आता सांगून काय उपयोग, असं त्याला तेव्हा वाटलं. नंतर सांगण्याची वेळ रोज एक दिवस लांब गेली, आणि जितकी लांब गेली तितकी जड झाली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं. पण खवखवलं तरी माणूस तोंड उघडतोच असं नाही.

जयसिंहराव मंडळात यायचे थांबले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. जयसिंहराव घरी येऊन म्हणाले, डॉक्टर म्हाताऱ्यांना असंच सांगतात, मन राखायला. ज्याच्या शब्दावर त्यांचा भरवसा होता, त्याने आधीच वेगळं सांगितलं होतं ना.

आणि मग ऑक्टोबरात धूमकेतू आला. नुसत्या डोळ्यांना दिसेल असा, शेपटीवाला. ऐंशी हजार वर्षांनी येतो म्हणे. मंडळाने तिघऱ्याच्या धरणावर जायचं ठरवलं, तिथे पश्चिम मोकळी आहे. सुश्रुतने जयसिंहरावांना फोन केला होता. ते म्हणाले, “मी येऊन काय करू रे? पोरांची जागा अडवू?” आताच सांग, असं आतून कुणीतरी ओरडून सांगत होतं. सुश्रुत म्हणाला, “बरं, आराम करा काका.” पहिलं खोटं भीतीने निसटलं होतं. हे दुसरं त्याने विचार करून, फोन कानाला धरून, बसल्या जागी केलं होतं, आणि तेच त्याला जास्त छळत होतं.

बैठकीनंतर तीन दिवस तो मानपत्र लिहीत होता. ‘आदरणीय जयसिंहरावजी, आपली दृष्टी’ इथवर यायचं आणि पेन थांबायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे तर चांदण्याचाच धंदा. ऑफिसात, इंदरगंजच्या चौकात सिग्नलला, जेवताना, कुठेही त्याला स्वाती दिसायची. रविवारी सकाळी त्याने कागद फाडला, स्कूटर काढली आणि वाटेत मिठाईवाल्याकडून पाव किलो तिळाची गजक घेतली. गजक घेऊन गुन्हा कबूल करायला जाणारा तो पहिलाच माणूस असेल.

दार सुनंदाकाकूंनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

“जरा थांब. त्यांचं चाललंय.”

“काय चाललंय?”

काकूंनी आत बोट दाखवलं. मागच्या पडवीत जयसिंहराव डोळे घट्ट मिटून चालत होते. एक हात भिंतीला लागून होता. ते मोजत होते, “सात, आठ, नऊ, इथे पायरी.” पायरी उतरले, तीन पावलांवर नळ होता, तो त्यांनी चाचपडून उघडला आणि बंद केला. मग वळले आणि पुन्हा एकपासून.

“दसऱ्यानंतर सुरू केलंय,” काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. “म्हणतात, पूर्ण जाईल तेव्हा तुला त्रास नको, आधीच सवय करून ठेवतो. रोज अर्धा तास. मी रागावले, तर म्हणतात फिटर माणूस आहे, आधी तयारी मग काम. परवा कपाटाच्या कोपऱ्याला कपाळ लागलं.”

सुश्रुतच्या हातातली गजकेची पिशवी चुरचुरली. त्या आवाजाने जयसिंहराव थांबले.

“कोण?”

“मी, काका. सुश्रुत.”

“ये ये.” त्यांनी डोळे उघडले. कपाळावर हिरवट डाग होता. “बरं झालं आलास. ती पेटी ने. माझे आयपीस आहेत, सगळे पुसून ठेवलेत. मंडळाला कामी येतील. घासायची पावडर पण आहे, कुणी शिकणारं भेटलं तर दे.”

पेटी खाटेखाली होती, दोरीने बांधलेली. सुश्रुत तिच्याशेजारी जमिनीवरच बसला. पाठ केलेलं सगळं तो विसरला होता.

“काका, मेमध्ये आरसा मी उघडला होता,” तो म्हणाला. “आंधी आली त्या दिवशी. चिमट्या मीच आवळल्या. स्वाती मलाही त्रिकोणीच दिसली होती. मी खोटं बोललो. तुमचे डोळे ठीक आहेत.”

काकू दारात होत्या. त्या तिथेच भिंतीला टेकल्या. जयसिंहरावांचा चेहरा जराही हलला नाही.

“किती आवळल्या?”

“अर्धा फेरा. तिन्ही.”

“पोस्टकार्ड?”

“नाही लावलं.”

“पेटीत नव्हतं?”

“होतं.”

“अर्धा फेरा,” जयसिंहराव स्वतःशीच म्हणाले. “अर्ध्या फेऱ्यात त्रिकोण होईल. होईलच.” मग ते उठले, पडवीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर कॅलेंडर होतं त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मोठ्याने वाचू लागले. तारखा वाचल्या. खालची तिथी वाचली. त्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. गेले सहा महिने हे सगळं त्यांना असंच दिसत होतं, पण दिसण्यावर विश्वास नव्हता.

“सुनंदा,” ते म्हणाले, “अगं, डोळे ठीक आहेत माझे.”

आणि ते हसायला लागले. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शिव्यांची तयारी करून आलेला सुश्रुत त्या हसण्यापुढे बसून राहिला. एक शिवी आली असती तर त्याला बरं वाटलं असतं. काकूंनी पदराने नाक पुसलं आणि त्याच्याकडे न बघता आत जाऊन चहा टाकला.

“शनिवारी माझं स्टूल ठेव,” जयसिंहराव डोळे पुसत म्हणाले. “आणि दौलतसिंहला सांग, ती शाल आणली तर त्याच्याच गळ्यात टाकीन. मालूम आहे मला, त्याने फोन केला होता. नजर दिली म्हणे शहराला! आणि ती पेटी सोड. दोरी ठेव बाजूला, कामाची आहे.”

सुश्रुतने दोरीची गाठ सोडायला घेतली. छातीवरचं ओझं सरकल्यासारखं त्याला वाटलं. संपलं, असंही वाटलं. सांगितलं, ते हसले, झालं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण सहा महिने जळत होतो, म्हणून त्याला जवळजवळ रडू आलं.

जयसिंहराव खाटेवर बसले होते. त्यांचं हसू हळूहळू थांबलं.

“परत कधी सैल केल्यास चिमट्या?”

“दुसऱ्याच दिवशी. सकाळी.”

“म्हणजे मेमध्येच.”

“हो.”

“आणि धूमकेतू ऑक्टोबरात.”

सुश्रुतचे हात गाठीवरच थांबले. “हो,” तो म्हणाला.

आत चहा उकळल्याचा आवाज येत होता. धूमकेतूसाठी ज्या माणसाने अकरा महिने काच घासली, तो ऐंशी हजार वर्षांनी आलेला धूमकेतू डोक्यावर असताना याच पडवीत डोळे मिटून पावलं मोजत होता. जयसिंहराव सत्त्याहत्तर वर्षांचे होते. हे परत मिळण्यासारखं नव्हतं, आणि ते दोघांनाही कळत होतं.

“तू बघितलास?”

“बघितला.” आणि आता लपवायचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्याने तेही सांगितलं. “अर्धा तास बघितला. त्या वेळी तुमची आठवणही आली नाही मला. घरी येताना आली.”

जयसिंहरावांनी मान हलवली, जणू एवढं तरी खरं बोलला याची नोंद घेतली. त्यांनी पाय वर घेतले, पाठ भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. तेच डोळे, ज्यांना काही झालेलं नव्हतं.

“चल, सांग मग. पहिल्यापासून. अंदाजे नको सांगू. तू बघितलंयस.”

“चौदा तारीख होती,” सुश्रुत म्हणाला. “पावणेसहाला सूर्य बुडाला. पाणी एकदम शांत होतं. आधी शुक्र दिसला.”

“कुठे?”

“डावीकडे, खाली. टेकडीच्या जरा वर. मग उजवीकडे स्वाती. आणि सव्वासहा होऊन गेल्यावर दोघांच्या मध्ये, थोडा वर, तो. आधी डाग वाटला. मग अंधार पडला तशी शेपटी वर चढत गेली, डावीकडे कललेली. हात लांब करून धरला तर वीतभर भरली असती. चंद्र होता आमच्या पाठीमागे, नाहीतर आणखी दिसली असती.”

“दुर्बीण कुठली नेली होती?”

“तुमची.”

“आधी स्वाती बघितली?”

“हो. तुमच्यासारखीच. आधी तीच.”

“कशी होती?”

मे महिन्यात दिलेलंच उत्तर त्याला आता द्यायचं होतं, आणि या खेपेला ते खरं होतं. तोंडातून बाहेर पडायला मात्र त्याला फार वेळ लागला.

“गोल होती, काका.”

जयसिंहरावांनी डोळे उघडले नाहीत.

“हं,” ते म्हणाले. “पुढे सांग.”